‘कबूल आहे’ म्हणण्याआधी

उपनगरातल्या कुठल्याही मॅजिस्ट्रेट कोर्टात दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मिनिटभरात विचारून होतो. शिपाई पुकारा करतो. गर्दीतून वाट काढत एक माणूस पुढे येतो. आरोप काय ते दोन वाक्यांत सांगितले जाते आणि लगेच विचारणा होते : गुन्हा कबूल आहे का? माणूस मागे वळून वकिलाकडे बघतो, वकील नसेल तर आपल्याला घेऊन आलेल्या हवालदाराकडे. मान हलते. ‘कबूल आहे.’ दंडाचा आकडा ठरतो, पैसे भरून पावती मिळते, आणि माणूस दुपारच्या आत कामावर पोचायच्या हिशोबाने स्टेशनकडे धावतो. घरी सांगताना तो म्हणतो, ‘काही नाही, दंड भरून आलो.’

या ‘काही नाही’विषयी हा लेख आहे. सिग्नल तोडल्याबद्दल मोबाईलवर आलेले ई-चलान भरणे आणि मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल कोर्टात दहा हजार भरणे, दोन्हीला आपण दंडच म्हणतो. कायद्याच्या लेखी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली तडजोड असते. ती भरली की प्रकरण मिटते आणि कुणीही तुम्हाला दोषी ठरवलेले नसते. दुसरी दोषसिद्धी असते. फौजदारी न्यायालयाने तुम्हाला गुन्हेगार ठरवले आहे, आणि तेही तुमच्याच तोंडच्या शब्दावर. लहान खटल्यांत आरोपीचा बचाव कुठे हरतो याचे उत्तर बहुतेक वेळा साक्षीपुराव्यात सापडत नाही, त्या एका मिनिटात सापडते.

आधी भूगोल. अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड इथे मॅजिस्ट्रेट कोर्टे आहेत. घाटकोपरकराला मात्र बहुधा विक्रोळीला जावे लागते. पूर्व उपनगरात कुर्ला, पश्चिमेला वांद्रे ही आणखी दोन गजबजलेली ठिकाणे. पश्चिम उपनगरातला मोठा गुन्हा असेल, म्हणजे सत्र न्यायालयात चालणारा, तर गोरेगाव पूर्वेचे दिंडोशी. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि मुंबईतले ‘महानगर दंडाधिकारी’ हे पद संपले. आता ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आहेत. वकील आणि पोलीस अजूनही सवयीने ‘एमएम कोर्ट’ म्हणतात आणि सगळ्यांना कळते. रेल्वेची कोर्टे निराळी. रूळ ओलांडताना आरपीएफने धरले तर रेल्वे अधिनियमाचे कलम १४७ लागते : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पादचारी पुलाचे जिने चढायचा कंटाळा केलेल्या माणसाशी कायदा तुरुंगाची भाषा करतो हे ऐकून लोक हसतात, पण पुस्तकात ते तसेच छापलेले आहे.

आपल्याकडे गुन्ह्यांची विभागणी लहान-मोठा अशी सरळ नाही. कायदा तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात का, म्हणजे गुन्हा दखलपात्र आहे का? जामीन हा हक्क आहे का, की न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे? आणि फिर्यादीशी समेट झाला तर खटला मिटवता येतो का? पार्किंगवरून झालेल्या हाणामारीत साधी दुखापत आणि शिवीगाळ एवढेच असेल तर ते अदखलपात्र. ठाण्यात त्याची ‘एनसी’ होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. सोसायटीच्या भांडणात ‘मी त्याच्यावर एनसी टाकली’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसते. भांडण वारंवार व्हायला लागले की मुंबई पोलीस दुसरे हत्यार काढतात : ‘चॅप्टर’. इथे गुन्हा शाबीत करायचा नसतोच. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेल्या सहायक पोलीस आयुक्तांसमोर हजर राहून शांतता राखण्याचे बंधपत्र द्यायचे असते. तिथेही वकील नेता येतो, लेखी उत्तर देता येते, आणि द्यावे. कारण बंधपत्र मोडले तर पुढची कारवाई त्याच्यावरच उभी राहते.

आता ई-चलान. मुंबईत सीसीटीव्हीवरून चलान पाठवण्याची पद्धत २०१६ मध्ये आली. मोटार वाहन कायद्याचे कलम २०० राज्य सरकारला काही गुन्हे ठरावीक रक्कम घेऊन मिटवण्याची मुभा देते. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राने दंड जबर वाढवले, तेव्हा महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव रकमा तूर्त लागू करायला नकार दिला, आणि राज्याचे नवे दर अखेर डिसेंबर २०२१ मध्ये आले. हेल्मेट नसेल तर केंद्राच्या कायद्यात हजार रुपये, आपल्याकडे तडजोडीला पाचशे, हा फरक तिथला आहे.

चलान चुकीचे असेल तर? गाडी तुमची आणि चालवत होता मेहुणा. नंबरप्लेटचा एक आकडा कॅमेऱ्याने चुकीचा वाचला. गाडी विकून वर्ष झाले पण कागदोपत्री अजून तुमच्याच नावावर. हे रोजचे घोटाळे आहेत. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर तक्रार नोंदवता येते, तीच पहिली पायरी. कायद्याच्या कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यावर चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी मालकावर आहे. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७ए हा नियम घातला गेला, तेव्हा कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असे त्यात लिहिले होते. शिवाय मुदतीचा मुद्दा आहे. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टाला घेता येत नाही. जुन्या संहितेत हे कलम ४६८ होते, नव्यात ५१४. चार वर्षांपूर्वीच्या चलानांची यादी दाखवून कोणी गाडी अडवली तर हा मुद्दा वकिलाच्या हातात असतो. मात्र तो कोर्टात मांडावा लागतो आणि उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टालाही आहे. नाक्यावर हवालदाराशी कलम ५१४ वर वाद घालून कुणाची सुटका झाल्याचे मी ऐकलेले नाही.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी मोबाईलवर जो संदेश येतो, त्याने बरेच लोक घाबरतात. तो खटल्यापूर्वीचा समेटाचा निरोप असतो, समन्स नसते. चलान बरोबर असेल तर लोकअदालत सोयीची आहे. चलानच मान्य नसेल तर तिथे जाऊन सही करू नये, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

मद्यपानाचे कलम १८५ हे तडजोडीच्या यादीत नाही, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. लिंक रोडवर, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या खाली, एलबीएस मार्गावर शनिवारी रात्री बॅरिकेड लागतात, हे २००७ च्या मोहिमेपासून मुंबईकराच्या अंगवळणी पडले आहे. यंत्रात फुंकायला लावतात. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल, ही मर्यादा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. (महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि आजही परवान्याशिवाय दारू पिणे त्याखाली गुन्हाच आहे, चकाल्याच्या बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात परवाना असतो, हे वेगळे सांगायला नको.)

समजा, घाटकोपरला राहणारा तिशीतला एक मुलगा मित्राच्या लग्नाहून दुचाकीवर परततो आहे. यंत्राने त्याचा आकडा जास्त दाखवला. कायद्याने पुढे काय व्हायला हवे? अटक केली असेल तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडले पाहिजे. हे कलम २०२ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. त्याला यंत्रातली छापील पट्टी मिळायला हवी, त्यावर वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा असतो. लायसन्स जप्त केले तर त्याची पोचपावती हवी. दुचाकी अडकवली तर तिचीही. पुढे कधीतरी खटला लढायचा झाला तर वकील पहिल्यांदा हेच कागद मागतो : यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली होती, पट्टीवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळते का, रक्ताचा नमुना कोणी घेतला, सीलबंद कोणी केला, प्रयोगशाळेत कधी पोचला. एवढ्या बारीकसारीक गोष्टींवर खटले सुटतात, आणि ते योग्यच आहे. कारण ‘तोंडाला वास येत होता’ हा पुरावा नव्हे.

पण तो मुलगा हे काही विचारत नाही. सोमवारी तो विक्रोळीला जातो, पुकारा होतो, तो ‘कबूल’ म्हणतो. त्याला माहीत नसते की कलम २० नुसार १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या कोर्टाने किमान सहा महिने त्याला गाडी चालवायला अपात्र ठरवायचे असते. ऑफिसला जाणारा माणूस सहा महिने मेट्रोने जाईल. टॅक्सी चालवणाऱ्याने, डिलिव्हरी करणाऱ्याने, स्कूलबसच्या ड्रायव्हरने काय करायचे? त्याच्यासाठी दंडाचे दहा हजार ही शिक्षेतली लहान बाब आहे. शिवाय कबुलीवरच्या दोषसिद्धीविरुद्ध अपील जवळजवळ उरत नाही. शिक्षा किती आणि ती कायद्यात बसते का, एवढ्यापुरतेच वरच्या कोर्टात जाता येते.

म्हणून प्रत्येकाने लढावे, असे मी म्हणणार नाही. पुरावा पक्का असेल, कागद जागेवर असतील, तर कबुली हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. पासपोर्टचेच उदाहरण घ्या. पासपोर्ट कायदा दोन वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा दोषसिद्धीकडे फारसे बघत नाही. पण फौजदारी खटला प्रलंबित असला की पासपोर्ट अडतो आणि १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणावी लागते. जर्मनीला प्रोजेक्टवर निघालेल्या इंजिनिअरला तीन वर्षे चाललेला खटला दंडापेक्षा महाग पडतो. माझा आक्षेप एवढाच की हा हिशोब पुकाऱ्याच्या आधी व्हावा. आणि कबूल करायचेच असेल तर त्याबरोबर एक अर्ज करता येतो, जो फार कमी लोक करतात. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा कोर्टाला पहिल्या, किरकोळ गुन्ह्यात आरोपीला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार देतो. द्यायचे की नाही हे कोर्टाच्या हातात. मद्यपी चालकाबद्दल अनेक न्यायाधीश कडक असतात, आणि त्यांचे तेही खरेच आहे. पण मिळाले तर त्याच कायद्याचे कलम १२ असे सांगते की त्या दोषसिद्धीमुळे लागणारी कोणतीही अपात्रता त्या माणसाला चिकटणार नाही. सरकारी नोकरीच्या फॉर्मसमोर बसलेल्या माणसाला या एका कलमाची किंमत कळते.

कबुली कशी नोंदवायची याचेही नियम आहेत. आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे लिहून घ्यावेत असे नवी संहिता कलम २७५ मध्ये सांगते, आणि कबुलीवर दोषी ठरवणे न्यायाधीशांच्या विवेकावर सोडते. ‘साहेब, मी एकच बिअर घेतली होती, डॉक्टरांनी औषध दिलेलं, म्हणून...’ हे वाक्य निखळ कबुली नाही. शंभर प्रकरणांच्या बोर्डावर ते वाक्य पूर्ण ऐकायला वेळ कोणाकडे आहे, हा वेगळा प्रश्न.

मार्च २०२२ मध्ये मुंबईत चलान आणि गुन्हा यांतली रेष एका आदेशाने सरकली. नुकतेच आयुक्त झालेल्या संजय पांडे यांनी उलट दिशेने गाडी चालवणाऱ्यांवर थेट एफआयआर नोंदवायला सुरुवात केली. लागलेले कलम होते भारतीय दंड संहितेचे २७९, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणे. यू-टर्न लांब पडतो म्हणून पन्नास मीटर उलटे जाणारा माणूस एका दिवसात आरोपी झाला, त्याची दुचाकी मुद्देमाल झाली. उलट दिशेची सवय घातक आहे याबद्दल दुमत नाही. तरी मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की दंड भरून सुटणाऱ्या चुकीला आणि माणसाच्या नावावर कायमचा चिकटणाऱ्या गुन्ह्याला एकच औषध देणे बरे नव्हे. २७९ आता भारतीय न्याय संहितेचे २८१ झाले आहे. शिक्षा तीच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटल्यात सरकार पक्षाला बेदरकारपणा शाबीत करावा लागतो. १९९८ च्या कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गाडी ‘जोरात होती’ एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्यामुळे साक्षीदाराच्या तोंडी ‘भरधाव’ हा शब्द घालून भागत नाही. रस्ता कसा होता, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, आरटीओ निरीक्षकाने गाडी तपासून काय लिहिले, हे सारे बघावे लागते.

या कलमाची एक गंमत वकिलांच्या खोलीत नेहमी निघते. धडकेत समोरच्याला दुखापत झाली आणि नंतर दोघांत समेट झाला, नुकसानभरपाई दिली, चहा झाला, तर दुखापतीचे कलम कोर्टाच्या परवानगीने मिटवता येते. २८१ मात्र समेटाच्या यादीत नाही, कारण ते जनतेविरुद्धचे मानले जाते. मोठी दुखापत मिटते आणि धाकटे कलम उरते! मग त्यासाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्याचा अर्ज करावा लागतो.

नाक्यावरचा सर्वांत महागडा गुन्हा मात्र दारूचाही नव्हे आणि वेगाचाही नव्हे. गाडी बाजूला घ्यायला सांगितल्यावर चढलेला आवाज, हवालदाराच्या हातातले यंत्र हिसकावणे, कॉलरला गेलेला हात. सरकारी नोकरावर कर्तव्य बजावताना हल्ला, न्याय संहितेचे कलम १३२, अजामीनपात्र आहे. पाचशे रुपयांच्या चलानावरून सुरू झालेली रात्र लॉकअपमध्ये संपते ती या कलमाने. पोलीस चुकीचे वागत असतील तर नाव, बक्कल क्रमांक, वेळ आणि जागा टिपून घ्यावी आणि लेखी तक्रार करावी. तिथल्या तिथे न्याय मिळवायचा मोह टाळणे हा बचावाचा पहिला आणि बिनखर्चाचा भाग आहे.

अपघातात माणूस मेला तर काय? बहुतेकांचा समज असा की आता जामीन नाही. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६ (१), पाच वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा जामीनपात्र आहे. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६ (२) हे पोटकलम जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर बाजूला ठेवले गेले आणि जुलैत नवी संहिता आली तेव्हा ते लागू केले नाही. पण पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लावले की चित्र पालटते : अजामीनपात्र गुन्हा, सत्र न्यायालय, वर्षानुवर्षे. या दोन कलमांमधली ओढाताण मुंबईच्या उपनगरानेच देशाला शिकवली. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने चालक अलिस्टर परेराला निष्काळजीपणाखाली सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे केली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन, जिथे माणसे झोपतात हे ठाऊक असलेल्या रस्त्यावर बेफाम गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, असा त्याचा मथितार्थ.

दुसरा खटला सर्वांना पाठ आहे. २८ सप्टेंबर २००२, हिल रोड, अमेरिकन एक्स्प्रेस बेकरीसमोरचा गाडीचा अपघात, अभिनेता सलमान खान. वांद्र्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर निष्काळजीपणाचा खटला म्हणून सुरू झालेले प्रकरण २०१३ मध्ये सत्र न्यायालयात गेले. ६ मे २०१५ ला पाच वर्षांची शिक्षा, १० डिसेंबर २०१५ ला उच्च न्यायालयातून निर्दोष सुटका. निकालावर ज्याचे त्याचे मत असेल. मला त्यातून दिसते ते असे : रक्ताचा नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला, बारचे बिल कसे जप्त झाले, हयात नसलेल्या साक्षीदाराचा जबाब वापरता येतो का, यांतला एकेक दुवा न्यायमूर्तींसमोर ताणून पाहिला गेला. बचाव म्हणजे हेच असते. घाटकोपरच्या त्या मुलाच्या प्रकरणातही रक्ताचा नमुना होता, पट्टी होती, वेळा होत्या. त्या कोणी उघडूनच पाहिल्या नाहीत.

अटकेबद्दल थोडक्यात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा नियम नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हे पक्के केले, आणि आता कलम ३५ (३) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावणे ही रीत आहे. ती नोटीस मिळाली की जायचे, वेळेवर जायचे, पोचल्याची नोंद घ्यायची. टाळली तर अटकेला कारण मिळते. वरळीला जुलै २०२४ मध्ये झालेल्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच गुन्ह्यांसाठी सांगितले की अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतील, आणि तातडीत तोंडी सांगितली तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हाती पडला पाहिजे. वाहन अपघाताच्या खटल्यातून निघालेला हा नियम उद्या चेंबूरच्या पाकीटमारालाही लागू आहे.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क, ठाण्यातही मिळतो. जामीनदार लगेच मिळत नसेल तर रोख जामीन मागता येतो, आणि गरीब माणसाला आठवड्यात जामीनदार उभा करता आला नाही तर जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या कोणालाही, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला वकिलाचा हक्क सांगणे हे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ज्या निकालात ठणकावले तो निकाल अजमल कसाबचा होता. त्याला जे मिळाले ते कुर्ल्याच्या फेरीवाल्याला मागायलाही सुचत नाही.

समन्स आल्यावर न जाणे ही उपनगरातली सर्वसाधारण चूक. अंधेरीच्या कोर्टाने त्याबाबतीत कोणाची गय केली नाही. जावेद अख्तर यांनी २०२० मध्ये कंगना रणौत यांच्यावर बदनामीची फिर्याद केली. समन्सला हजेरी नाही म्हणून १ मार्च २०२१ ला जामीनपात्र वॉरंट निघाले, मग त्या आल्या, वॉरंट रद्द झाले, जामीन झाला. पुढे वर्षे गेली आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला वांद्र्याच्या न्यायालयात मध्यस्थीने प्रकरण मिटले. समन्स, वॉरंट, जामीन, तारखा, समेट : लहान फौजदारी खटल्याचा अख्खा प्रवास या एका प्रकरणात आहे. प्रत्येक तारखेला स्वतः जाणे अशक्य असेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज करावा, कारण आणि पुरावा जोडून. अर्ज न करता गैरहजर राहणाऱ्याला वॉरंटबद्दल तक्रार करायला जागा नाही.

अडकलेल्या गाडीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. जप्त वाहने ठाण्यात सडवू नयेत, बंधपत्र आणि छायाचित्रे घेऊन लवकर सोडावीत, असे सुंदरभाई अंबालाल देसाई या २००२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरी एलबीएस मार्गावरच्या कुठल्याही ठाण्याबाहेर गंजलेल्या रिक्षांची रांग बघा. मालकांनी अर्जच केला नसेल, किंवा विम्याचे कागद सापडले नसतील.

आणि निकालानंतर एक काम राहते, ते वकीलही सांगायला विसरतात. दंडाची पावती म्हणजे निकाल नव्हे. निर्दोष सुटका होवो, समज मिळो वा दंड होवो, आदेशाची प्रमाणित नक्कल अर्ज करून घ्यावी. पोलिसांच्या नोंदीत जुना गुन्हा वर्षानुवर्षे ‘प्रलंबित’ राहू शकतो, आणि पासपोर्टच्या पडताळणीला आलेला शिपाई रजिस्टर बघून जे दिसेल ते लिहितो. नकलेच्या अर्जावर खटल्याचा क्रमांक, कोर्टाचा क्रमांक आणि निकालाची तारीख लागते. खटल्याचा क्रमांक हरवला असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावावरून किंवा पोलीस ठाण्याच्या एफआयआर क्रमांकावरून तो शोधता येतो.